भ्यालेल्यांचा शुक्रवार

हातखंब्याच्या तिठ्यावर हे दिवस आंब्याचे. पेट्यांनी भरलेले टेंपो पहाटेपासून मुंबईच्या बाजूला वळत असतात. रत्नागिरीहून येणाऱ्या एसटीला हात दाखवायला माणसे कडेला उभी असतात. चौपदरीकरणाचे काम दहा वर्षांहून अधिक रेंगाळले, त्याची तांबडी धूळ सगळ्यांच्या चपलांवर सारखीच बसते. गेल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, इथेच दोन लहान मुले आईचा पदर धरून गाडीची वाट पाहत होती आणि त्यांच्या हातात माडाची कोवळी पाती होती. यरुशलेमेत खजुरीच्या फांद्या होत्या. कोकणात माड आहे, म्हणून माडाच्या झावळ्या. त्या मुलांना यात काही वेगळे वाटत नव्हते, आणि ते तसेच असायला हवे.

आज उत्तम शुक्रवार. दुपारी बारा ते तीन या वेळात मंडळ्या जमतील, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होईल, नारायण वामन टिळकांची आणि कृष्णराव सांगळ्यांची गीते नेहमीपेक्षा संथ लयीत गायली जातील. या तिठ्यावरून कोणी रत्नागिरीकडे जाईल, कोणी पालीला वळून आंबा घाटातून कोल्हापूर-मिरजेकडे, कोणी खाली वेंगुर्ला-सावंतवाडीकडे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मिशनच्या माणसांच्या फेऱ्याही साधारण याच दिशांनी होत असत. रत्नागिरी, कोल्हापूर, मिरज, वेंगुर्ला ही त्यांची ठाणी होती. आजही इथल्या ख्रिस्ती घरांची सोयरीक, दवाखाना आणि सुट्टी बहुतेक याच वाटांनी जाते.

पण हा तिठा जिल्ह्यात प्रसिद्ध आहे तो दुसऱ्याच कारणाने. इथला उतार फसवा आहे. ब्रेक निकामी झालेली अवजड वाहने दर्ग्याजवळच्या वळणावर काय करतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गॅसचा टँकर उलटला की वस्तीतल्या शेगड्या बंद करायला सांगतात, वीज तोडतात, आणि महामार्ग तासन्‌तास थांबतो. अशी रात्र काढलेल्या माणसाला भीती म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. ती अंधारात, उशाशी चप्पल ठेवून, नाकाने वास घेत बसलेली असते.

या रस्त्यावर ज्यांची पोरे गाडी चालवतात, अशा एका बाईंची गोष्ट आज सांगायची आहे. नाव सांगत नाही, मंडळीचेही सांगत नाही, कारण दोष कोणा एका मंडळीचा नाही. आठवड्याच्या प्रार्थनासभेत साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलगा रात्रीच्या खेपेला जातो. मला झोप लागत नाही. प्रार्थना करते, तरी भीती वाटते." इतकेच. त्यावर कोणीतरी अगदी मायेने म्हणाले, "ताई, विश्वास कमी पडतोय. देवावर पूर्ण टाका, मग भीती उरणार नाही." बाई खाली बसल्या. त्यानंतर कित्येक महिने त्या सभेला येत होत्या, गात होत्या, पण तोंड उघडून प्रार्थना करीत नव्हत्या.

आजचा अग्रलेख त्या एका वाक्यासाठी आहे. ते वाक्य बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ते कोणाला तरी ऐकवलेले आहे. आणि तरीही उत्तम शुक्रवारच्या दिवशी स्पष्टपणे म्हणायला हवे की ते वाक्य खोटे आहे.

ते खोटे का, याची साक्ष आजच्याच उपासनेत आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत गेला, तो शांतपणे मरणाला सामोरा जाणाऱ्या योग्यासारखा गेला नाही. शुभवर्तमाने सांगतात की तो व्याकूळ झाला, जमिनीवर पालथा पडला, हा प्याला टळला तर टळो अशी विनवणी त्याने केली. तिघा मित्रांना जवळ घेऊन गेला, कारण त्याला एकटे राहवत नव्हते, आणि ते झोपी गेले तेव्हा त्याला ते लागले. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावरून त्याने देवाला विचारले की मला का टाकलेस. ही ओळ त्याची स्वतःची नव्हती. लहानपणापासून पाठ असलेल्या स्तोत्रातली ती होती, आणि स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांतला केवढा तरी भाग अशाच आक्रोशाचा आहे. ज्याला आपण प्रभू म्हणतो तोच भ्याला असेल, तर हातखंब्याच्या एका आईने भिऊ नये असा नियम कोणी केला?

आपल्या भागातली माणसे या प्रश्नापाशी आजच आलेली नाहीत. याच रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या करजगावी, १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. चित्पावन घराणे, वेदविद्या, कीर्तन, कविता. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका परक्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. डोंगरावरचे प्रवचन वाचून त्यांचे मन येशूवर जडले, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यानंतरच्या काळाबद्दल आपण भरभर बोलून मोकळे होतो. बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ला, मुंबईत. मध्ये दोन वर्षांच्या आसपासचा काळ गेला, तो घालमेलीचा. पत्नी जाईल, मूल जाईल, जात जाईल, पोट कशावर भरायचे, हे सगळे त्यांना दिसत होते. ज्यांच्या गीतांवर मराठी ख्रिस्ती माणूस गेली शंभर वर्षे रडतो आणि उठून उभा राहतो, तो कवी पाण्यात उतरण्याआधी इतका काळ काठावर उभा होता. त्या काळाला अविश्वास म्हणण्याची आमची छाती नाही.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. खरे तर या दिवशी त्यांच्याबद्दल अधिक बोलायला हवे, कारण टिळकांनी निर्णय घेतला आणि लक्ष्मीबाईंवर तो कोसळला. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना त्यांच्या माहेरचे ते घर विसरता येत नाही. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा धसका घेतला की बाजारातून आणलेली मीठ-साखरही घरात धुतली जाई. मीठ धुणारे घर! भीती माणसाच्या घरात शिरली की ती रांजणापर्यंत कशी पोचते, हे मराठीत याहून नेमकेपणाने कोणी लिहिलेले आम्हाला माहीत नाही. त्या घरातली मुलगी अकराव्या-बाराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. नवरा विक्षिप्त, उदार, घरात पैसा न टिकू देणारा, सांगितल्याशिवाय कुठेही निघून जाणारा. आणि मग एक दिवस नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी.

ती बातमी ऐकून त्या धीराने उभ्या राहिल्या नाहीत. शोकाने भ्रमिष्टासारख्या झाल्या. नातलगांना त्यांच्यावर नजर ठेवावी लागली. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन चार-पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, आणि त्या काळात नवऱ्यावर, मिशनऱ्यांवर, नशिबावर त्यांचा जो राग होता तो त्यांनी पुढे लिहितानाही पुसून टाकला नाही. पुन्हा संसार सुरू झाल्यावरही त्या आपले सोवळे, आपली वेगळी चूल सांभाळून होत्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एके दिवशी, कोणाच्याही प्रवचनाने नाही, त्यांच्या स्वतःच्याच विचाराच्या ओघात जात ही माणसाने केलेली गोष्ट आहे असे त्यांना लख्ख दिसले, आणि कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे असे त्यांनी ठरवून टाकले. मीठ धुणाऱ्या घरातली लेक कोणाच्याही तांब्यातून पाणी प्याली. १९००च्या सुमारास त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आम्हाला यात मोलाचे वाटते ते हे की लक्ष्मीबाईंनी पुढच्या आयुष्यात आधीच्या भीतीची लाज बाळगली नाही. विश्वासात आल्यावर जुने सगळे अंधाराचे होते, आता उजेडच उजेड आहे, अशी साक्ष देण्याची पद्धत तेव्हाही होती. त्यांनी तशी साक्ष दिली नाही. भूक, कर्ज, आजार, नवऱ्याशी झालेली भांडणे, पोरांच्या काळज्या, सगळे हसत-रडत सांगितले. अनाथ मुलांना घरात घेतले तेही आपल्याच घासातला घास देऊन. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा आपला आश्रम सुरू केला आणि हमखास पगार थांबला. ९ मे १९१९ला टिळक गेले. त्यानंतर पन्नाशीतल्या या बाईंनी पोटासाठी कष्ट उपसले, आणि टिळकांनी दहाअकरा अध्यायांवर सोडलेले येशूच्या चरित्राचे काव्य 'ख्रिस्तायन' त्यांनी नेटाने पुढे नेऊन पुरे केले. शाळेचे तोंड नीट न पाहिलेल्या बाईने! त्यांचा विश्वास कुठे होता असे कोणी विचारले, तर आम्ही त्या अध्यायांकडे बोट दाखवू. नवऱ्याच्या मागे उरलेले अर्धे काम रोज थोडे थोडे करणारा हात, तिथे तो होता. त्या हाताच्या मालकिणीला त्या दिवशी देव जवळ वाटत होता की नाही, याची नोंद कुठे नाही, आणि ओव्या तर उतरल्या आहेत.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी कठोर आहे. १८७४च्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. सहा वर्षांनी भाऊ गेला. १८८२च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती आणि मुलगी मनोरमा दहा महिन्यांची होती. चोविसाव्या वर्षी जिच्या मागे इतकी मरणे होती, त्या बाईने १८८३त इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुण्या-मुंबईत तिच्यावर किती चिखल उडाला हे आपण वाचलेले आहे. इंग्लंडातल्या धर्मभगिनींशीही तिचे खटके उडाले, कारण ती प्रश्न विचारायची थांबत नव्हती. विश्वास ठेवायचा तर बुद्धी दाराबाहेर ठेवून यायची ही अट तिने मान्य केली नाही.

१८९६-९७चा दुष्काळ आला तेव्हा स्वतःच्या आईबापांचे मरण डोळ्यांपुढे असलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि सुमारे तीनशे उपाशी मुली-बायकांना घेऊन आली. पुण्यात प्लेग होता, शहरात त्यांना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या माळावर तंबू पडले. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या, विटा भाजल्या, माग चालले, छापखाना आला. १९००च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. पुढे ऐकू येणे जवळजवळ बंद झाले, तरी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत सगळे बायबल भाषांतरित करीत बसल्या. जुळारी त्यांच्याच मुली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा, जिच्या हाती सगळे सोपवायचे होते, ती आईआधी गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि मग त्यांनी डोळे मिटले असे सांगतात. भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आले.

मनोरमेच्या मरणानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. त्या काळात रमाबाईंना कोणी म्हणाले असेल का, की ताई, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून लेक गेली? म्हणण्याची कोणाची प्राज्ञा झाली नसेल. मग जे पंडिता रमाबाईंना म्हणवत नाही, ते ट्रक चालवणाऱ्या पोराच्या आईला सहज कसे म्हणवते? ती मोठी नाही म्हणून? तिच्या नावाचा आश्रम नाही म्हणून?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर प्रॉटेस्टंट मिशनच्या कामाची सुरुवातच एका थडग्यापासून झाली असे म्हणायला हरकत नाही. स्कॉटिश मिशनचे डोनाल्ड मिचेल १८२३ साली बाणकोटला आले, आणि त्याच वर्षी वारले. फळ दिसण्याइतका वेळ त्यांना मिळाला नाही. सहा वर्षांनी जॉन विल्सन हर्णैला राहून मराठी शिकले आणि मग मुंबईला गेले. पुढे त्यांच्या नावाचे कॉलेज झाले. मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या त्यांच्या पत्नी मार्गारेट १८३५ मध्येच निवर्तल्या. आपण कॉलेज लक्षात ठेवतो. बाणकोटच्या खाडीवर पहिल्याच वर्षी संपलेल्या माणसालाही आज आठवावे, एवढेच.

आता आजचे. आजची भीती दुष्काळाची नाही, पण ती खरी आहे. अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला की बागेचे कर्ज अंगावर येते, बाग कोणत्याही धर्माच्या माणसाची असो. मुलगा जहाजावर किंवा आखातात, आणि चार दिवस फोन नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची घरे उघडी पाडली, २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्यात गेले. त्या रात्री माळ्यावर बसून ज्यांनी प्रार्थना केली, त्यांच्यातल्या काहींचे घर वाचले आणि काहींचे वाचले नाही. जे वाचले त्यांनी साक्ष दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. ज्यांचे गेले त्यांना साक्षीच्या वेळी खाली मान घालून बसावे लागले. आपल्या उपासनेत त्यांनी काय म्हणावे, यासाठी आपण एकही जागा ठेवलेली नाही.

आणखी एक भीती आहे, तिच्याबद्दल मोठ्याने बोलले जात नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे दहा लाख ऐंशी हजार होते, शेकडा एकही नाही. आपल्या जिल्ह्यात तर तालुक्यागणिक काही घरे. इतके थोडके असले की माणूस आवाज लहान ठेवायला शिकतो. घरात चार माणसांनी पेटी काढून गीत म्हटले तर शेजारी काय समजेल, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहावे, नव्या ओळखीत आडनावावरून सुरू झालेले संभाषण कुठे जाईल. बहुतेक शेजारी चांगलेच असतात. नाताळच्या करंज्या घेतात, गणपतीचे मोदक पाठवतात, टँकर उलटला की कोणाच्या घरी कोण झोपला याचा हिशेब राहत नाही. पण काही काळ असा येतो की प्रार्थना हा शब्दच संशयाचा होतो, आणि तेव्हा माणूस खिडकी लावून घेतो. खिडकी लावणाऱ्याला भित्रा म्हणू नये. आपण ज्याला मंडळीचा आधारस्तंभ मानतो तो पेत्र एका दासीसमोर आणि इतरांसमोर, शेकोटीच्या उजेडात, मी त्याला ओळखत नाही असे तीनदा म्हणाला होता. मेंढरे राखायला मग त्यालाच सांगितले गेले. त्याची आधी परीक्षा घेतली नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढे विचारले, तेही तीनदा.

भीती वाटणाऱ्याला विश्वास कमी आहे असे सांगण्यामागे एक हिशेब लपलेला असतो. विश्वास पुरेसा ठेवला तर नुकसान होणार नाही. नुकसान झाले, तर विश्वास पुरेसा नव्हता. या हिशेबात सांगणारा माणूस कायम सुरक्षित राहतो. दुःख ज्याच्यावर आले त्याच्यावरच दोषही येतो. हल्ली मोठमोठ्या सभांतून, मोबाइलवरच्या प्रवचनांतून हाच हिशेब शुभवर्तमान म्हणून विकला जातो. बरे व्हाल, नोकरी लागेल, व्हिसा मिळेल, फक्त विश्वास हवा. पण ज्या ग्रंथाचा हे लोक आधार घेतात त्यात ईयोब नावाचे एक सबंध पुस्तक याच हिशेबाविरुद्ध उभे आहे. ईयोबाचे मित्र त्याचे हाल ऐकून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसून राहिले. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट ती. मग ते बोलू लागले, तुझीच काही चूक असेल म्हणाले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावला तो या मित्रांवर. देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर त्याने तसा ठपका ठेवला नाही. मराठी माणसाला हे परके वाटू नये. तुकोबांनी विठ्ठलाशी कमी भांडण केलेले नाही, आणि टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असे मानत.

मग आपल्या मंडळ्यांनी करावे काय? फार मोठे काही नाही. साक्षीच्या वेळी ज्याला उत्तर मिळालेले नाही त्यालाही उभे राहू द्यावे, आणि त्याचे बोलणे झाल्यावर कोणीही ते सुधारू नये. रात्रीच्या खेपेला पोरगा गेलेल्या आईबरोबर एक-दोन बायकांनी त्या रात्री झोपायला जावे. रत्नागिरीच्या दवाखान्यात कोणी असेल तर वचन वाचून निघून येण्याआधी डबा, औषधाची चिठ्ठी, रात्रीची पाळी यांची सोय पाहावी. पाळकांनाही भीती वाटते, त्यांनाही कोणी तरी विचारावे. पाळकाच्या घरी दिवा रात्री उशिरापर्यंत का असतो, हे मंडळीला बहुतेक वेळा ठाऊक नसते. विश्वास एकट्याच्या मुठीत टिकत नाही. ज्या दिवशी एकाला प्रार्थना म्हणवत नाही त्या दिवशी शेजारच्याने ती त्याच्या वतीने म्हणायची असते. मंडळी आहे ती यासाठीच.

२०२०चा उत्तम शुक्रवार अनेकांना आठवत असेल. १० एप्रिल होता. देश बंद होता, चर्चची दारे बंद होती, महामार्गावर एक गाडी नव्हती. हातखंब्याचा तिठा त्या दिवशी असा शांत होता की पलीकडच्या वाडीतला कुकर ऐकू यावा. घराघरांत मोबाइल समोर टेकवून, बारा ते तीन, माणसांनी सात उद्गार ऐकले. आवाज तुटत होता, मधेच रेंज जात होती. दोन दिवसांनी ईस्टर आला तोही बंद दाराआड. तेव्हा काही जण हळहळले की असा ईस्टर कधी झाला नव्हता. पण पहिला ईस्टर असाच झाला होता. योहान सांगतो की त्या संध्याकाळी शिष्य भीतीने दारे लावून बसले होते, आणि प्रभू त्या लावलेल्या दारांच्या आत येऊन उभा राहिला. आधी दार उघडा, मग येतो, असे तो म्हणाला नाही. हातांवरच्या जखमाही त्याने झाकल्या नव्हत्या.

मार्काच्या शुभवर्तमानाची सर्वांत जुनी संपूर्ण हस्तलिखिते जिथे थांबतात ती जागा आम्हाला अलीकडे फार जवळची वाटू लागली आहे. पहाटे तीन बाया सुगंधद्रव्ये घेऊन कबरेकडे निघतात. धोंड कोण लोटील, याची चिंता करीतच त्या चालत असतात, तरी परत फिरत नाहीत. कबर रिकामी सापडते. तो उठला आहे, हे त्यांना सांगितले जाते. आणि त्या थरथरत पळून जातात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. तिथे लेखन संपते. पुढच्या ओळी नंतरच्या आहेत. जगातली सर्वांत आनंदाची बातमी ज्यांना पहिल्यांदा मिळाली, त्यांची पहिली साक्ष भीतीची होती, आणि मार्काने ती तशीच राहू दिली.

परवा पहाटे पुनरुत्थानाची उपासना आहे. अंधार असतानाच या तिठ्यावर माणसे जमतील. त्यांत त्या बाईही असतील, नेहमी असतात. मुलगा गोव्याकडच्या खेपेवर आहे, रविवारी सकाळपर्यंत यायला हवा. त्या डोक्यावरून पदर घेऊन रत्नागिरीच्या पहिल्या एसटीची वाट पाहतील, आणि दर्ग्याच्या बाजूने उतरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा दिवा जवळ येईपर्यंत त्यांचे डोळे त्याच्यावरच असतील.